फाबियन जेवत नाही

४ मे १९९८, सोमवार

मनाच्या जखमांचं शिबिर घ्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, रोज लिहीत जा, पोटातलं कागदावर उतरलं की झोप लागते. मी म्हटलं, बाई, झोप लागत नाही ती डासांमुळे, आणि मच्छरदाण्या तुम्ही आणल्या नाहीत. सगळ्या बायका हसल्या. त्याही हसल्या आणि मला ही वही देऊन गेल्या. आता दिलीच आहे तर वाया कशाला घालवा? क्रायसिसमध्ये, म्हणजे आमच्या बेटावरच्या दहा वर्षांच्या लढाईत, मी केळीच्या पानावर औषधांचे डोस लिहिलेत. कोरा कागद दिसला की मला अजून हावरटासारखं होतं.

आधी आपल्या माणसांबद्दल लिहा, म्हणाल्या. तर मी पेर्पेतुआ, लाहुपा गावची नर्स. दवाखाना जळाला, नर्स उरली. मुलगी रोसविता माझ्याजवळ असते, जीभ माझ्यावर गेली आहे. नवरा क्रायसिसच्या आधीच गेला, सुटला बिचारा. मुलगा फाबियन, आणि माझा धाकटा भाऊ ओत्मार. ओत्मार वर डोंगरात बंडखोरांचा कमांडर होता. फाबियन खाली छावणीत, सरकारी सैनिकांच्या बाजूने लढणाऱ्या टोळीत. मामा एकीकडे, भाचा दुसरीकडे, आणि मी मधे बसून दोघांसाठी एकच प्रार्थना म्हणायची. देवाने तरी काय करावं, सांगा!

ओत्मारला दोन वर्षांपूर्वी तावेरू नदीवर मारलं. कोणी, माहीत नाही. कुठे पुरलं, तेही माहीत नाही. आम्हा धनेश पक्ष्याच्या कुळातल्या माणसाची हाडं धनेश कुळाच्या जमिनीत, आईशेजारी गेली पाहिजेत. नाहीतर माणूस भटकत राहतो आणि घरचेही भटकत राहतात. मला ना नुकसानभरपाई हवी, ना कुणाची माफी. मला त्याची हाडं हवीत.

हे काय लिहीत बसले मी, खरी बातमी राहिलीच. काल फाबियन घरी आला! लढाई थांबल्याची सही झाली आणि पोरं घरोघर परतायला लागली, पण आमचा येईल असं मला वाटत नव्हतं. मी गळ्यात पडून एवढी रडले की रोसविता म्हणाली, "आई, सोड आता त्याला. लढाईत वाचला तो घरी येऊन गुदमरून मरायचा." कोंबडी कापली. तामातामा केला, रताळी आणि अळकुड्या दोन्ही कुटून, वर नारळाचं दाट दूध. पानात बांधून त्याच्या हातात दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला, वास घेतला आणि म्हणाला, "आई, नंतर खातो."

सकाळी ते पान कुत्र्यापुढे होतं. दमलंय पोर.

९ मे, शनिवार

फाबियन घरात राहत नाही. ओढ्याकाठी चार बांबू उभे करून आडोसा केलाय. तिथे त्याची वेगळी चूल आणि काळाठिक्कर पडलेला एक डबा. रानातले कंद खणून आणतो आणि एकटा उकडून खातो. विचारलं तर म्हणतो, पोट बरं नाही.

अल्सर. दुसरं काय? छावणीत रोज भात आणि डब्यातले मासे, कुणाचंही पोट बिघडेल. शांततेवर लक्ष ठेवायला आलेल्या पिवळ्या टोप्यांवाल्या परदेशी पोरांकडे गोळ्या होत्या, त्या मागून आणल्या. त्याने गोळी घेतली, पण पाणी माझ्या भांड्यातलं घेतलं नाही, उठून ओढ्यावर गेला. मनात म्हटलं, चला, सैन्यात काहीतरी शिकला. मी जन्मभर बोंबलत होते, साठवलेलं पाणी पिऊ नका.

सुपारी पुढे केली तर म्हणाला, सोडली. सुपारी सोडली! आमच्याकडे फादरसुद्धा मिस्साआधी तोंड धुऊन येतात, एवढे खातात. रोसविता हळूच म्हणाली, "आई, काल त्याचे दात लाल होते. एकटा खातो तो." मी म्हटलं, हिरड्यांतून रक्त येत असेल, फळं कमी पडली की येतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि गप्प बसली. ही पोरगी गप्प बसते तेव्हा मला भीती वाटते.

लिंबं आणून त्याच्या आडोशाबाहेर ठेवली. संध्याकाळी तिथेच होती.

२४ मे, रविवार

आज मी तमाशा केला, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

चर्चमधून बाहेर पडताना शेजारच्या नुगई गावची एक बाई कानाशी लागली. म्हणाली, सिस्टर, ओत्मार गेला त्या सकाळी नदीवर कास्परची टोळी होती. कास्पर म्हणजे नुगईचा, गरुड कुळाचा, फाबियनचाच कमांडर. मी तशीच, चर्चच्या कपड्यांत, चिखल तुडवत नुगईला गेले. कास्पर अंगणात बसून कुंपणाच्या काठ्या सोलत होता. मी तोंड सोडलं. तुझ्या आईचं बाळंतपण मी केलं, तुझ्या बायकोचं मी केलं, आणि तू माझा भाऊ नदीत कुजायला टाकलास? गाव गोळा झालं. त्याची बायको मध्ये पडली, तर त्याने तिला हाताने मागे केलं.  शेवटी म्हणाला, "सिस्टर, ओत्मारच्या हाडांचं मी बघतो. मला वेळ द्या."

आणि त्याने मला सुपारी दिली नाही. समोर सुपारीचा घड पडलेला, तिच्यासोबत चघळायच्या मोहरीच्या शेंगा, चुन्याची तुंबडी, सगळं मांडलेलं. दारी आलेल्या शत्रूलाही माणूस सुपारी देतो. देत नाही ती एकाच कारणाने. ज्याच्या हातून रक्त सांडलं, तो मेलेल्याच्या माणसांबरोबर सुपारी खात नाही, एका चुलीचं अन्न खात नाही, एका भांड्यातलं पाणी पीत नाही. विधी होऊन पोटं थंड झाल्याशिवाय खाल्लं, तर मेलेल्याच्या माणसांची पोटं फुगतात आणि ती मरतात. मी नर्स आहे, मला जंत माहीत आहेत, यकृत माहीत आहे. तरी सांगते, मी तशी पोटं बघितली आहेत आणि माझ्या गोळ्यांनी ती उतरली नाहीत.

तेवढ्यावरून मी ओळखलं. कास्परच. अशा गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत.

घरी येऊन फाबियनला विचारलं, तुझ्या कमांडरने तुझ्या मामाला मारलं, तुला माहीत होतं का? त्याने कुऱ्हाड उचलली आणि रानात गेला. त्या सुमारास तो मलेरियाने छावणीत पडून होता, मला निरोप आला होता. निदान हे बघायची वेळ त्याच्यावर आली नाही.

११ जून, गुरुवार

फाबियनने घराचं छप्पर नवं केलं. एकट्याने सागोची पानं तोडली, शिवली, चढवली. मळ्याचं कुंपण केलं. रोज लाकडं आणतो, पण अंगणाच्या कडेला टाकतो, चुलीपर्यंत येत नाही. वाळलाय किती! पाठीची हाडं मोजता येतील.

दुपारी तो छपरावर होता आणि मी खाली बसून पानं शिवत होते. ओत्मारच्या गोष्टी निघाल्या, म्हणजे मीच काढल्या. आमच्यात कूळ आईकडून येतं, आणि मुलाचा खरा मालक मामा. बाप लाड करतो, माणूस मामा बनवतो. ओत्मारने याला धनुष्य धरायला शिकवलं, झाडावरचं कबूतर पानाआडून टिपायला शिकवलं. आणि डोंगरातल्या पोरांनी मला सरकारी नर्स ठरवून दवाखाना पेटवला, तेव्हा ओत्मार उशिरा पोहोचला. धापा टाकत आला, राखेत उभा राहिला, माझी क्षमा मागितली. मी केलीही. फाबियनने केली नाही. "तुझीच पोरं होती मामा," एवढंच म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी खाली छावणीत जाऊन बंदूक घेतली.

मी वर बघून म्हटलं, "मामावर राग धरू नकोस रे आता. तो तुझ्यावर कधीच रागावला नव्हता."  रोसविता मला कोपराने ढोसत होती, आई पुरे. थोड्या वेळाने बघते तर फाबियन छपरावर पालथा पडलेला, पानांत तोंड खुपसून. भावना दाबून ठेवल्या की असं होतं, शिबिरात सांगितलं होतं. मला बरं वाटलं. रडला म्हणजे सुटेल.

२८ जून, रविवार

ठरलं!

आमच्या कुळाचे थोरले सिमेऑन मामा आणि नुगईचे गरुडवाले आज मोठ्या झाडाखाली बसले. कास्परने सगळ्यांसमोर सांगितलं, ओत्मारचं रक्त माझ्यावर. डुकरं देईन, शंखाच्या माळा देईन, धनुष्य मोडेन, हाडं काढून आणून देईन. जुलैच्या शेवटच्या शनिवारी विधी. सिमेऑन मामांनी मला विचारलं, "तुला पटतंय?" मी म्हटलं, पटतंय. मग मी गवतातच बसले.

कास्परचा मला खूप राग यायला हवा होता. आला नाही. त्याचं तोंड इतकं पडलेलं होतं की मला वाटलं, याचं रक्त तपासायला हवं.

घरी येऊन फाबियनला सांगितलं, हाडं उचलून आणायचा मान भाच्याचा. तू आणायचीस. तो कंद सोलायचा थांबला. म्हणाला, "कास्पर काय म्हणाला?"

"कबूल केलं त्याने."

"काय कबूल केलं?"

"बहिरा झालास का? त्याने मारलं म्हणून कबूल केलं."

तो ओढ्याच्या दगडावर बसला, दोन्ही हात डोक्यावर ठेवून. पुटपुटला, "त्याने असं करायला नको होतं." मी म्हटलं, हेच तर मी म्हणतेय! रोसविता घरात निघून गेली आणि तिने दार एवढ्या जोरात आपटलं की बिजागरी निघाली.

१० जुलै, शुक्रवार

फाबियनला मलेरिया. कडक ताप, थरथर, कुणाला ओळखत नाही. ओढ्याकाठून उचलून घरात आणला, मी आणि रोसविताने. लहानपणी होता तसाच हलका लागला. क्विनाईन दिलं. कोंबडीचं पाणी केलं आणि डोकं मांडीवर घेऊन चमच्या-चमच्याने पाजलं. पीत होता! डोळे मिटून, घटाघटा. मी रोसविताला म्हटलं, बघ, कसला अल्सर आणि काय, पोराला भूक लागली होती. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्याने डोळे उघडले. वाटी बघितली, चूल बघितली, मला बघितलं. आणि असा ओरडला! बोटं घशात घालून ओकायला लागला, ओकून काही निघेना तरी घालतच राहिला, नखांनी घसा रक्ताळला. मी हात धरले तर मला ढकललं. "आई, तू मरशील," म्हणत होता. "आई, थुंक, तू चाटला असशील चमचा, थुंक ना, तू मरशील."

तापात माणूस काहीही बडबडतो. मेंदूपर्यंत ताप गेला की होतं असं.

१२ जुलै, रविवार

ताप उतरला. तो पुन्हा ओढ्याकाठी. आज काही लिहिण्यासारखं नाही.

१३ जुलै, सोमवार

रोसविता म्हणाली, "आई, तुला कळलंय."

मी म्हटलं, भांडी घास.

१४ जुलै, मंगळवार

नुगईला गेले. या वेळी ओरडले नाही. कास्परला म्हटलं, माझ्याशी खोटं बोललास तर पुढच्या बाळंतपणाला दुसरी नर्स शोध. त्याने बायकोला आणि पोरांना मळ्यात पाठवलं. मग जमिनीकडे बघत सांगितलं.

सकाळ होती, नदीवर धुकं. पलीकडच्या बांबूंत काहीतरी हललं. कास्पर म्हणाला, मारा. पोरांनी गोळ्या झाडल्या. "सिस्टर, बाकीच्यांच्या कुठेही गेल्या. फाबियनचा नेम तुम्हाला माहीत आहे." नदी ओलांडून बघायला गेला तोही फाबियनच. तिथून हाक ऐकू आली, मामा, मामा! कास्पर धावत पोहोचला तेव्हा ओत्मार जिवंत होता. त्याने पोराला ओळखलं. म्हणाला, "तू होय. बरं झालं, परक्याच्या हाती नाही पडलो."

मग फाबियनने त्याला पाठीवर घेतलं. कास्पर म्हणाला, कुठे नेतोस, वर त्यांची माणसं आहेत, मरशील. तर म्हणाला, आईकडे नेतो, आई वाचवेल. अर्धा डोंगर चढला. ओत्मार वाटेतच गेला. तिथेच एका झाडाखाली पुरला, खड्डा फाबियनने एकट्याने खणला, कुणाला हात लावू दिला नाही.

मी विचारलं, मग तू का कबूल केलंस?

"हुकूम माझा होता, सिस्टर. तो मलेरियाने पडलाय, हा निरोपही मीच पाठवला होता. आणि तुमची अडचण मला कळत होती. मारणारा धनेश, मेलेला धनेश. डुक्कर कोण कुणाला देणार? असा विधीच नाही. मी गरुड आहे, माझ्या नावावर निभावून जाईल."

मी परत निघाले तेव्हा तो मागून म्हणाला, "सिस्टर, त्याने मुद्दाम नाही केलं." जसं काही मला सांगायला हवं होतं.

सगळं लिहायचं ठरलंय तर हेही लिहिते. वाटेत मला फाबियनचं नरडं धरावंसं वाटलं. माझ्या आईने मरताना ओत्मारचा हात माझ्या हातात दिला होता. माझ्या पोटच्या पोराने त्याला मारला. मी रस्त्यात उभी राहून मोठ्याने म्हटलं, का जन्माला घातला मी याला? आणि पुढच्या वळणावर आडोसा दिसला, तो पाठमोरा बसून कंद सोलत होता, आणि मला वाटलं, याला कुणीतरी जेवायला घाला रे.

१५ जुलै, बुधवार

ओढ्याच्या या काठावर मी बसले, त्या काठावर तो. मी म्हटलं, मला कळलंय.

"कास्परने सांगितलं?"

"तू सांगितलंस. ओकलास तेव्हा. मीच ऐकलं नाही."

बराच वेळ पाण्यात दगड टाकत बसला. मग म्हणाला, "आई, मी जातो कुठेतरी. बुका बंदराला जातो, बोटीवर काम मिळेल. कास्परचं डुक्कर घे आणि सगळं मिटव."

"मिटेल?"

"गावापुरतं मिटेल."

"आणि तू माझ्या चुलीचं कधी खाशील?"

त्याने मान हलवली. कधीच नाही. खोट्या विधीने पोट थंड होत नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. माझ्यासारखीच त्याचीही अक्कल पोटाशी येऊन थांबते.

"आई, तू मला मार ना," म्हणाला. अगदी साधेपणाने, पाणी मागावं तसं.

मी म्हटलं, "नर्सला सांगतोस? मूर्खा." आणि मग आम्ही दोघं आपापल्या काठावर बसून खूप रडलो. मध्ये ओढा होता, नाहीतर मी त्याला जवळ घेतला असता. की मारला असता, कोण जाणे.

१६ जुलै, गुरुवार

सिमेऑन मामांना सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकता ऐकता डोळे मिटले, मला वाटलं डुलकी लागली.

"पेर्पेतुआ, कास्पर मोठ्या मनाचा माणूस आहे. तो देतोय ते घे आणि गप्प बस."

"आणि पोरगा जन्मभर ओढ्यावर कंद खाईल?"

"मग काय करू? उजव्या हाताने डाव्या हाताला डुक्कर देऊ? हे उघड झालं तर त्याला जमीन सोडावी लागेल. मामाचं रक्त आहे."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मामा, जमीन कुणाची?"

म्हातारा काठीने माती उकरायला लागला. मी पुन्हा विचारलं. जमीन बायकांची. माझ्या आईची होती, आता माझी, उद्या रोसविताची. बोलायचं काम तुम्हा पुरुषांचं, ते करा. पण कोण राहणार आणि कोण जाणार, ते मी सांगते. फाबियन राहील.

"बरं, राहू दे," म्हातारा वैतागला. "पण विधीला बाजू दोन लागतात. दुसरी बाजू कुठून आणतेस?"

"मेलेल्याच्या बाजूला रोसविता बसेल, कुळाच्या बाकी बायकांबरोबर. मारणाऱ्याच्या बाजूला मी."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जसं मी लहानपणी झाडावरून पडले होते तेव्हाच बघितलं असेल. "पोरी, त्या बाजूला बसणाऱ्याला मेलेल्यासाठी रडता येत नाही. एकदा हाडं आणून दिली की त्यांना हात लावता येत नाही. खड्ड्यात माती टाकता येत नाही. तुला कळतंय ना, तू काय बोलतेस? तुझा ओत्मार आहे तो."

मी म्हटलं, कळतंय.

घरी येऊन रोसविताला सांगितलं. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी मी तुझ्यापेक्षा मोठी. चालेल. पण आई, मी त्याला माफ केलंय की नाही, हे मला अजून माहीत नाही." मी म्हटलं, माहीत नसलं तरी बस. तिथे बसल्यावर कळेल. नाही कळलं तर सुपारी देऊ नकोस. कुणी जबरदस्ती करणार नाही, मी तर नाहीच.

तेव्हापासून तिचा चेहरा बघून काही अंदाज लागतो का, ते बघतेय. लागत नाही.

२६ जुलै, रविवार

काल झालं. आज सकाळी चर्चला गेले नाही, हे लिहायला बसले.

फाबियन आणि कास्पर शुक्रवारी डोंगरात गेले आणि हाडं नव्या चटईत बांधून घेऊन आले. फाबियनच्या पाठीवर होती. अंगणाच्या मधोमध सुपारीच्या झावळ्या टाकून रेघ केली होती. त्याने चटई रोसवितासमोर ठेवली आणि रेघेच्या अलीकडे, माझ्याकडे आला. सगळं गाव बघत होतं, कारण तोपर्यंत सगळ्यांची समजूत होती की या बाजूला कास्पर बसणार आणि मी पलीकडे. सिमेऑन मामा उठले आणि त्यांनी खरं ते सांगितलं. एक शब्द गाळला नाही. कुजबूज उठली. मागून कुणीतरी म्हणालं, सिस्टर चुकून तिकडे बसली की काय? मी बसूनच राहिले.

मी माझी डुकरीण दिली. कास्परने त्याचं डुक्कर आणलंच होतं. मी म्हटलं, तुला आता गरज नाही. म्हणाला, हुकूम माझा होता, आणि माझ्या शेजारी येऊन बसला. फाबियनने धनुष्य गुडघ्यावर मोडलं. बांबू चांगला होता, लवकर मोडेना, दोनदा निसटला. कुणी हसलं नाही.

मग पलीकडे बायकांनी चटई सोडली. त्यांनी रडायला सुरुवात केली, आमच्याकडे रडतात तसं, नाव घेऊन, लहानपणापासूनचं सगळं सांगत. त्यांना ओत्मारचं अर्धंसुद्धा माहीत नव्हतं. एक म्हणाली, तो शूर होता. अगं, तो बेडकाला घाबरायचा! मला सांगायचं होतं. जीभ दाताखाली धरली. कवटी वर आली तेव्हा समोरचा तुटका दात दिसला, नारळ सोलताना तोडून घेतला होता, मीच रक्त थांबवलं होतं. मी गवत मुठीत धरून बसले. फाबियन माझ्याकडे बघत होता. त्याला कळत होतं मी काय करतेय. म्हणाला, "आई, जा तिकडे. मी एकटा बसतो." मी नाही म्हणून मान हलवली.

रोसविताने सुपारी सोलली. हातात धरून उभी राहिली. आणि दिली नाही. कितीतरी वेळ दिली नाही. बायका रडायच्या थांबल्या. फाबियन मान खाली घालून रेघेसमोर उभा. मला वाटलं, नाही देत ती, आणि तिचं चूक नाही. मग तिने एकदम दाताने सुपारी फोडली, अर्धी त्याच्या तोंडात कोंबली, कोंबलीच, आणि त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारायला लागली. मारत होती आणि चघळत होती. तोही चघळत होता. दोघांची तोंडं लाल झाली आणि दोघं एकमेकांना धरून उभी राहिली.

ओत्मारला आईशेजारी ठेवलं. माती रोसविताने टाकली. मी लांबून बघितलं. झाकताना चटईचं एक टोक वर राहिलं होतं, ते कुणी आत सारलं नाही.

आज सकाळी मी चूल पेटवली तर फाबियन येऊन बसला. न बोलावता. मी रताळी दिली. त्याने खाल्ली आणि म्हणाला, "आई, मधे कच्ची राहिलीत." मी म्हटलं, तुला तीन महिने कंद खायची सवय, तुला काय कळतंय. त्याने अजून एक घेतलं. आता अंगणात झोपलाय, तोंड उघडं टाकून, आणि रोसविता त्याच्या पायांवर बसलेल्या माशा हाकलतेय.

ओत्मार, काल मला तुझ्याजवळ येता आलं नाही. नाव घेऊन रडता आलं नाही. पोरगा हवा होता रे. इथे कागदावर कुणी बाजू विचारत नाही, म्हणून इथे येते. माझा ओत्मार. आईचं शेंडेफळ. बेडकाला घाबरायचास. अंधारात ओढ्यावर मी सोबत गेले तरच जायचास, आणि परत येताना सगळ्यांना सांगायचास, ताईला भीती वाटत होती म्हणून मी गेलो. दवाखाना जळाला तेव्हा राखेतून माझी कात्री शोधून दिलीस, ती अजून वापरते. तू त्याला म्हणालास, परक्याच्या हाती नाही पडलो. एवढ्या दुखण्यात तुला त्याच्या मनाचं सुचलं. माझा भाऊ. ओत्मार. ओत्मार रे.